आळशी गॅस आणि दारातला मेहुणा

नाही, मला एक सांगा, वीस वर्षं जो गॅस मी जिवापाड जपला, त्याला कोणी आळशी म्हणावं? आळशी म्हणे! अहो, मी वेल्डिंगवाला, स्टीलचा जोड मारताना आर्गॉन सोडतो, तो हवेला जोडाजवळ फिरकू देत नाही, म्हणून तर जोड लखलखतो… आणि आमची कन्या, कॉलेजात केमिस्ट्री शिकते, जेवताना सांगते कशी, "बाबा, आर्गॉन हे नाव ग्रीकमधून आलंय, अर्थ आळशी. तो कशातच मिसळून नवीन काही बनवत नाही ना, म्हणून शास्त्रज्ञांनी तेच नाव ठेवलं."

बरं, हे बोलावं कोणासमोर? माझ्या मेहुण्यासमोर! तुम्हाला सांगतो, हा माणूस तीन महिन्यांपूर्वी "दाजी, काम शिकायला आलो" म्हणून आला, तो वर्कशॉपच्या दारात स्टुलावर बसला तो बसलाच. देह असा की अख्खं दार भरतं! झाडू मार म्हटलं की कंबर धरते, पाना दे म्हटलं की डुलकी लागते… आणि आता तर काही बोलायची सोयच नाही. "दाजी, मी आर्गॉन आहे." आळशी म्हणे, आणि वर तोंड करून सांगतोय!

मंगळवारी माझं डोकंच फिरलं. डेअरीवाल्या बाईंची दुधाची टाकी संध्याकाळी द्यायची, "नाही मिळाली तर पुन्हा तुमची पायरी चढणार नाही" असं त्या स्वच्छ सांगून गेलेल्या, आणि हा दारात घोरतोय! म्हटलं, ऊठ, चालता हो घरी! गेला बिचारा. मी जोड मारायला बसलो… तर काळा ठिक्कर! वर बारीक बारीक भोकं, नुसती चाळणी! घासला, पुन्हा मारला, पुन्हा चाळणी. सिलिंडर बघितला, भरलेला. नळी बघितली, धड. घाम फुटला हो मला, एवढी वर्षं कमावलेलं नाव एका टाकीपायी जाणार!

तेवढ्यात कन्या डबा घेऊन आली, तोंडावरचे केस सावरत म्हणते, "बाबा, आज इथे वारा किती येतोय! मामा कुठाय?"

अरे देवा! गॅस सोडला की वारा उडवून नेतोय, आणि समोरचा वाडा पाडल्यापासून दारातून शिरणारा तो वारा तीन महिने कोण अडवून बसलं होतं? दार लावा म्हणाल, तर धुरानं आत जीव गुदमरतो. पडदा बांधला, तो सुटून माझ्याच तोंडावर! शेवटी झक मारत घरी फोन केला. बायको म्हणाली, "आता आठवला का माझा भाऊ?" म्हटलं, आठवला, पाठव लवकर!

मेहुणा आला, बसला, दार भरलं… आणि जोड काय उतरला म्हणता! संध्याकाळी बाईंनी टाकीवरून हात फिरवला, "वा! कोणाचं काम?" मी तोंड उघडतोय तोवर दारातून आवाज, "आमचं दोघांचं!" आळशी म्हणे! पण दोघांचं हे खोटं तरी कसं म्हणू?

आणि काल तोच मला म्हणतो, "दाजी, एकट्याला फार दमायला होतं, जोडीला एक माणूस बघा की." बघतोय हो, काय करता… तुमच्या ओळखीत कोणी चांगला रुंद असला तर सांगा.