गोंड्याचं खोकं

हॅलो?… हां, तू होय. बोल.

नाही गं, झोपले नव्हते. सर्दी आहे थोडी… हो, आवाज बसलाय… रडत कशाला असेन? रंगाचा वास गं. काल खोली रंगवली ना, आम्हा दोघी बहिणींची, माझी आणि ठकीची. पिवळी. म्हणजे डब्यावर फिकट पिवळी होती, भिंतीवर चढल्यावर वेगळंच काहीतरी झालंय… हो, बाबांनीच. डोक्याला रुमाल बांधून.

ठकी? शाळेत. येईलच आता. बरी आहे. सगळे बरे आहेत.

कोण?… गोंड्या. हो, गोंड्या पण. शांत आहे.

शांत म्हणजे शांत. चाकावर वगैरे नाही पळत सध्या.

खातोय का?… अगं ऐक ना, तू तो माझा हिरवा ड्रेस परत कधी… हो. हो, विषय बदलतेय.

बरं, ऐक. बसली आहेस का? बस आधी… गोंड्या गेला.

कुठे गेला काय विचारतेस. गेला. वारला… हो… हो गं, तूच दिलेला, म्हणून तर तुला फोन करायला तोंड नव्हतं. एवढासा आणून दिलास, ओंजळीत मावणारा. म्हणालीस, हॅमस्टर म्हणजे काही त्रास नाही, दाणे घाला, भुसा बदला, लेकरू रमेल तुमचं. लेकरू रमलं. आता लेकराला काय सांगू?

नाही, आजारी नव्हता. काल गाजर खाल्लं, गालात कोंबून बसला होता, तोबरा भरल्यासारखा. मग रंगाचा वास सुटला. म्हटलं एवढंसं नाक, त्याला बाधायचा. म्हणून रात्री पिंजरा गॅलरीत ठेवला. मीच ठेवला. वर टॉवेल पण टाकला… पातळ… हो, गॅलरी उघडीच आहे आमची. हो, थंडी होती. सकाळी कुंडीखालच्या बशीत बर्फाचा पापुद्रा होता.

ठकी उशिरा उठली, तशीच पळाली शाळेत, तिनं काही बघितलं नाही. नंतर मी टॉवेल काढला, तर हा कोपऱ्यात गोळा होऊन पडलेला. गार. फ्रिजमधला बटाटा कसा असतो, तसा. आईनं नाकाशी चमचा धरला, वाफ येते का बघायला. काही नाही. बाबांनी चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं. म्हणाले, आटोपलं.

बाबा ठीक आहेत. त्यांना काय, त्यांच्या लेखी तो उंदीरच. कधी नाव घेतलं नाही बघ. तुमच्या उंदरानं रात्रभर झोपू दिलं नाही, तुमच्या उंदराला काकडी सोलून, मला सालासकट. हेच रोज.

पण काम मात्र नीट केलं हां त्यांनी. बुटांचं खोकं घेतलं. आता सगळा जन्म पॅकिंग खात्यात गेलेला माणूस. झुंबरं पाठवायचे ना ते, काचेची, जहाजातून. कशाला म्हणून तडा गेला नाही कधी. तर त्याच थाटात. खाली भुसा, त्यावर माझ्या जुन्या स्वेटरची बाही, बाहीत गोंड्या. कडेनं कागदाचे बोळे, हलू नये म्हणून. मग चिकटपट्टी. उभी, आडवी, परत उभी. आणि वर ठळक अक्षरात 'नाजूक'. बाण काढून 'ही बाजू वर'. आई म्हणाली, अहो, कुठे पाठवताय त्याला. तर म्हणाले, हात आपोआप चालला.

हसू नकोस गं… हो, मी पण हसले. मग रडले. मग परत हसले…

काय? अंग?… ताठ की मऊ, हे काय विचारणं झालं? मऊ. म्हणजे बाबांनी त्याला सरळ केला, नीट झोपवावं म्हणून, तर हा परत गोळा झाला. परत सरळ केला, परत गोळा. आई म्हणाली, शिरा आखडतात…

काय झालं? 

हॅलो?

…थांब. परत सांग. सावकाश सांग.

झोपतो म्हणजे? थंडीनं?… अगं अशी कसली झोप, श्वास नाही, ठोका नाही… असतो? इतका हळू?… मिशा? मिशा कोण बघतंय, इथे रडारड चालली होती.

तुझ्या आत्याकडचा? तो पण असाच?… फुलं वाहून झाल्यावर उठला?

अगं बाई.

अगं बाई, बाबा खाली गेलेत. पुरायला. मागच्या अंगणात, खुरपी घेऊन. केव्हाचे गेलेत गं… ठेवू नकोस. फोन ठेवू नकोस, मी पळतेय. चप्पल… जाऊ दे चप्पल.

आई, गोंड्या झोपलाय… आई म्हणतेय, हो बाळा, कायमचा. नाही गं आई, खराखुरा झोपलाय…

जिन्यात आहे. ऐकू येतंय ना? तू बोलत राहा. हं… शेगडीजवळ नाही. गरम पाणी नाही. केस वाळवायचं यंत्र नाही. हातात धरायचा, अंगाशी, हळूहळू. बरं. साखरेचं पाणी नंतर, पुरता जागा झाल्यावर. बरं. आणि पुरून झालं असेल तर?… नको सांगूस. ठकीला काय तोंड दाखवू गं मी, आधी गारठवला, मग जिवंत पुरला…

दिसले. बाबा दिसले. बाकावर बसलेत.

अगं, खड्डाच नाहीये. म्हणजे आहे, पण वाटीएवढा. खुरपी वाकलीय. जमीन नुसती दगड झालीय. पण खोकं… बाबा, खोकं कुठंय?

कोटात. अगं, कोटाच्या आत, छातीशी. वरून बटणं लावलीत. म्हणतायत, खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती. अख्खं अंगण कोरडं आहे गं.

बाबा, ऐका, तो मेला नसेल… नाही, मला काही झालेलं नाही. ही आहे ना फोनवर, हिनं दिला होता, ती म्हणतेय… बाबा म्हणतायत, देताना का नाही सांगितलं. बरोबरच आहे… काय? सांगितलं होतंस? कोणाला?… मला? बरं, ते नंतर बघू.

उघडत नाहीये. पट्टीचं टोकच सापडत नाही, नख तुटलं माझं. बाबा म्हणतायत, सुटायचं नाही. काय तोरा बघ. म्हणतायत, माझं खोकं आजवर वाटेत उघडलेलं नाही… दातानं? दातानं केव्हाच करून बघितलं.

शिंपीकाका. तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान आहे, उघडं आहे. बाबा, चला… काका, कात्री द्या जरा.

नाही म्हणतायत. कापडाची कात्री आहे म्हणे, कागदाला लावली की धार गेली… हो, माहितीय गं, सगळे शिंपी असेच. माझी आई पण शिवणाच्या कात्रीला कोणाला हात लावू देत नाही… काका, आत जीव आहे.

कोणाचा, विचारतायत.

…

थांब जरा. नाही, काही झालं नाही. बाबा बोलले. म्हणाले, आमच्या गोंड्याचा.

नावानं गं. पहिल्यांदा.

काका उठले. स्वतः कापतायत, मला हात लावू देत नाहीत. जपून, शिवण उसवतात तशी… काय? काका विचारतायत, ही भोकं कसली.

अगं, खोक्याला भोकं आहेत. बाजूनं, ओळीनं. पट्टीच्या आरपार. पेनानं पाडल्यासारखी… बाबा, तुम्ही पाडलीत? कधी? मेलाय म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?

 कोटाची बटणं लावतायत, परत काढतायत.

…म्हणाले, आत कोंदट झालं असतं.

हो. हो गं, आहे मी. 

झाकण निघालं. बाही बाहेर काढली. कोमट आहे… तसाच आहे गं. गोळा. काही नाही… हो, मिशा. बघतेय. काकांनी दिवा खाली ओढलाय. नाही… नाही… थांब.

हलली. मिशी हलली. बाबा, बघितलंत?

बाबांनी ओंजळीत घेतलाय. थरथर कापतोय नुसता, काय करू?… चांगलं लक्षण आहे? बाबा, कापतोय ते चांगलं म्हणतेय ही…  बाबांनी ओंजळ छातीशी धरलीय.

डोळा उघडला. एकच… दुसरा पण. जांभई देतोय, अगं. इथे आमचा जीव टांगणीला, आणि हा जांभई देतोय.

हो, सांगते त्यांना. पिंजरा आतल्या खोलीत. वास गेला खड्ड्यात… म्हणजे खड्डा सोडून कुठेही. आमच्या खोलीत झोपेल तो, मी पिवळ्या भिंतीत गुदमरले तरी चालेल…

ठकी. ठकी आली. दप्तर घेऊन दुकानाच्या दारात उभी आहे. विचारतेय, बाबा, तुम्ही गोंड्याला घेऊन इथे काय करताय.

बाबा माझ्याकडे बघतायत. मी काकांकडे बघतेय.

…बाबा म्हणाले, थंडी वाढलीय ना, स्वेटर शिवायला टाकतोय त्याला.

अगं, काकांनी टेप काढली. खरंच काढली. पोटाचं माप घेतायत, तोंडात टाचणी धरून. आणि ठकी म्हणतेय, गळा मोठा ठेवा, गालात गाजर असतं त्याच्या.

नाही, खोकं नाही बघितलं तिनं. बघेल कशी, मी त्याच्यावर बसलेय… ठेवते गं. खचतंय.