मुक्ताचा कान आणि हळद-तेल

अगं, माझ्या मुक्ताचे कान टोचले ना, तेव्हा हडपसरच्या आमच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "रोज मिठाच्या पाण्याने हलकेच पुसायचं. बाकी काहीही लावायचं नाही." सासूबाईंनी तिथे मान डोलावली आणि घरी माझ्या नकळत हळद-तेल लावायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी एका कानातून पू यायला लागला. पोर रडून रडून बेजार, मी घाबरलेली. दोघींना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी कान बघून विचारलं, "काय लावलंत?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "थोडं तेल. आणि चिमूटभर हळद."

"मोहरी संपली होती का, आजी?"

औषधाने मुक्ताच्या कानाची सूज आठवड्यात उतरली. सासूबाई मात्र अजून फुगलेल्याच आहेत.