जावईबापू आणि जुनं फर्मवेअर

पीकविम्याचा शेवटचा दिवस, आणि दर्यापूरच्या सेवा केंद्रातली रांग अडलेली. केंद्रवाला साजिद अंगठ्याच्या मुक्या मशीनपुढं हताश बसला होता. खुशालराव आणि आशाबाई या नवराबायकोचा नंबर पहिला. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या कुलसुमबीनं पदर सावरला आणि कान मोकळा केला.

“काल लॅपटॉप अपडेट केला, काका. आता थो या जुन्या मशीनले ओळखच देत नाही.”

“मोठा झाला न थो! मंग आता?”

“लॅपटॉपचं नवीन फर्मवेअर, म्हंजे त्याचा मुळातला प्रोग्राम, काढून जुनं टाकतो. पण मधातच लाईट गेली, तर लॅपटॉप कायमचा गेला. बॅटरी कवाचीच मेली आहे.”

“अन् लोडशेडिंगची वेळ झालीच. वा रे हुशार!”

“सबस्टेशनवर कोनी ओळखीचं असन तर फोन लावा न.”

“आहे न,” आशाबाई म्हणाल्या. “आपले जावई.”

“मी नाही लावत. पुतन्याच्या लग्नात दुसऱ्या पंगतीत बसवलं म्हणून रुसून बसला. चंदालेबी माहेरी धाडत नाही.”

“नका लावू. विमा जाऊ द्या, पोरगी जाऊ द्या. तुमचं नाक तेवढं सांभाळा.”

खुशालरावांनी फोन लावला, आणि इकडं साजिदनं जुनं फर्मवेअर टाकायला घेतलं.

“हॅलो, जावईबापू... हो, मीच... लाईट जराशी राहू द्या न... हो, चुकलं माहं... हो हो, पहिल्याच पंगतीत... पोळ्याले चंदाले घेऊन या...”

“झालं, काका! मशीन लागली. आना अंगठा.”

खुशालरावांनी फोन ठेवून कपाळ पुसलं.

“साजिद,” आशाबाई म्हणाल्या, “पोळा झाला का पुन्हा अपडेट करजो, बाप्पा. माह्या भावाचं इन्व्हर्टरचं दुकान आहे. त्याच्याशीबी ह्यायचा अबोला आहे.”