चिंचेखालचा नंबर

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन जयसिंग आप्पा, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्यासाठी दवाखान्यापुढं हा मंडप घातला त्या आपल्या डॉक्टर सुषमाताई, आन् समोर बसलेल्या केंदूरकर बंधू-भगिनींनो, ह्या साखरबाईचा सगळ्यांना नमस्कार.

आप्पांनी बजावलंय, थोडक्यात बोला. आप्पा, मी कवा थोडक्यात बोललेय?

ताई दवाखाना बंद करून लेकीकडं कॅनडाला चालल्या. परवा मी शेवंती तोडत होते, तर बांधावर येऊन विचारतात, "साखरबाई, तुम्ही महेंद्रकडं इंग्लंडला राहून आलात. परदेशात पेशंट म्हणून कसं वाटतं हो?" जन्मभर आमची नाडी बघितली, आन् आता स्वतः पेशंट व्हायची धास्ती! तवा मी हसण्यावारी नेलं. उत्तर आज देते.

ताई, तिकडं पोटात दुखत होतं म्हणून माझ्या पोरानं, महेंद्रनं, मला दवाखान्यात नेलं. आधी सकाळी फोन लावायचा, आन् तो लागेस्तवर निम्मं दुखणं कंटाळून निघून जातं. आत गेले, आन् सवयीनं चपला काढून भिंतीकडंला लायनीत लावल्या, नंबर लागावा म्हणून. हसा, हसा! सिस्टर धावत आली, तिला वाटलं म्हातारीच्या पायाला काय झालं. आधी माझे पायच तपासले की हो!

पण खोटं कशाला बोलू? तपासणी अगदी नीट झाली. महेंद्रच्या शेजारच्या म्हाताऱ्याला हार्ट अटॅक आला, तर दारात गाडी आली, गाडीतच उपचार सुरू, आन् गडी चालत घरी आला. ते बघून मला रडूच फुटलं. माझी धाकटी जाऊ धुरपदा आठवली. तिलाही असाच अटॅक आला, तवा ताई टेम्पोत बसून तिची छाती दाबत पुण्याला निघाल्या. कोरेगाव भीमाच्या ट्रॅफिकमधी ती गेली. ताई, तुमचे हात कमी पडले न्हाईत. दवाखाना लांब पडला. तिकडं असती तर धुरपदा वाचली असती, असं मला अजून वाटतं.

मग आपल्याकडं काय होतं? ही चिंच होती. चपला लायनीत लावायच्या आन् सावलीत गप्पा मारत बसायचं. दवाखाना नवीन होता तवा आमची भांडणं व्हायची, माझा नंबर, माझा नंबर. एकदा ताई बाहेर आल्या, डॉक्टरीण असून वाकून हातानं आमच्या चपला उचलल्या, पुढंमागं केल्या. म्हणाल्या, "ज्याला जास्त झालंय तो आधी." आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं माझी नात समृद्धी, तिला तापात झटके यायला लागले. तिला घेऊन आले तर लाइन पार चिंचेपर्यंत. मी चपला काढल्या न्हाई तोच कुणी उचलल्या, पुढच्यानं आणखी पुढं दिल्या. मी दारात पोचेस्तवर माझ्या चपला पहिल्या! पहिला नंबर होता भैरूमामांचा, ते स्वतः तापानं फणफणलेले, तरी ओरडले, "अगं बघत काय बसलीस, पळ आत!" ती समृद्धी आज समोर बसून मोबाइल बघतीय. बघू द्या.

ताई, तिकडं नंबर कॉम्प्युटर लावतो. त्याचं चुकत न्हाई, पण त्याला भैरूमामा ठाऊक न्हाईत. औषध तिकडं चांगलं मिळंल, घाबरू नका. करमणार मात्र न्हाई. आम्हालाही न्हाई.

आयोजकांनी मला माइक दिला, अध्यक्षांनी घड्याळ बघितलं पण टोकलं न्हाई, दोघांचे आभार. बोलताना कमीजास्त झालं असंल तर पदरात घ्या.

आन् ताई, जाताना मंडपाच्या दारात चपला शोधू नका. आज गावानं तुमच्या चपला उचलल्यात, आन् लायनीत सगळ्यात शेवटी, चिंचेखाली नेऊन ठेवल्यात. आमचा सगळ्यांचा नंबर झाल्याबिगर तुम्हाला निघता यायचं न्हाई.