रामूचं विमान

आमच्या रामूचं लग्न जमलं ते विमानामुळं, सांगितलं तर खरं वाटायचं नाही तुम्हाला. तेव्हा दुकानांत जोडायच्या खेळण्यांची परदेशी खोकी नुकती यायला लागलेली. बँकेतून आला की हा खोकं उघडून लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे तुकडे चिकटवत बसायचा. मुलगी बघायला गेलो की मात्र तोंडाला कुलूप. दोन ठिकाणांहून नकार आलेला. म्हणून ह्या मुलीच्या वडिलांना मीच कौतुकानं म्हटलं, "रामू घरी विमान करतो."

त्यांनी हातच जोडले. इथं तंजावुरात देवळाच्या शिखरालाही विमान म्हणतात, तेच त्यांच्या मनात.

"कळस बसवला?"

"कळस नाही मामा, बाँब बसवले," रामू पुटपुटला.

"शिव शिव. आणि आत कोण?"

"एकजण बसलाय."

"तोंड पूर्वेला ना?"

कॉफी घेऊन आलेल्या मुलीला हसू आवरेना. "अप्पा, देवळाचं नव्हे, हे लढाईतलं विमान." मग रामूलाच विचारती झाली, "आत एकाचीच जागा का?"

एवढा वेळ स्वतःच्या पायांशी बोलणाऱ्या रामूनं मान वर केली.

"दोघांचंही मिळतं," म्हणाला.