सासूबाईंचं दुसरं खातं

...नाही, पण तुम्हीच सांगा, ऑफिस माझं, दारावर पाटी माझी, आणि नवीन खुर्ची घ्यायची म्हटली की मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघायचं? तुम्हाला सांगतो, मी सहली काढतो. छोटा धंदा आहे, एक जुनी मिनीबस, एक ड्रायव्हर आणि टेबलामागे मी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अगदी मजेत होतो. लोक सुट्ट्यांच्या आधी ॲडव्हान्स आणून द्यायचे, तो मी खात्यात भरायचो, आणि त्याच खात्यातून डिझेल, ऑफिसचं भाडं, घरचा किराणा, बायकोच्या दाढेचा खर्च... सगळं एका जागी, किती सुटसुटीत! मग सीझन संपला की पंखा आणि मी, दोघंही ऑफिसात नुसते गरगरत बसायचो. ड्रायव्हर पगार मागायला आला की मी बाथरूममध्ये.

आणि सासूबाई आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या हो! गुडघा बरा झाला, पण घरी बसून करमेना म्हणून माझ्या ऑफिसात येऊन बसायला लागल्या. आता या बाईंनी जन्मभर शाळांचे गणवेश शिवलेले. म्हणजे कसं, शाळा उघडायच्या आधी जेवायला फुरसत नाही आणि मग उरलेलं वर्षभर मशीनवर झाकण. त्या तेवढ्या कमाईवर एकटीनं दोन मुली वाढवल्या. तर एक दिवस मला अगदी हळू आवाजात विचारतात, "जावईबापू, खात्यात हे एवढे पैसे कुणाचे?" म्हटलं, माझे! "सहल झाली का?" म्हटलं, नाही, व्हायचीय. "मग ते पैसे आपले नाहीत हो."

झालं! दुसरं खातं उघडलं. लोकांचा ॲडव्हान्स तिकडे, सहल संपून माणसं घरी पोचेपर्यंत त्या सहलीच्या खर्चाशिवाय त्याला हात लावायचा नाही. नफ्यातला काही भाग मंदीच्या महिन्यांसाठी बाजूला. आणि त्या खात्यावर सही कुणाची? माझ्या बायकोची! म्हणजे आईनं सांगायचं, लेकीनं सही करायची आणि मी... मी पाणी आणून द्यायचं.

आता आमच्या समोरच्या गाळ्यात आणखी एक सहलवाला. आम्ही त्याला 'नो टेन्शन' म्हणायचो, कारण काहीही विचारा, तो म्हणायचा, "नो टेन्शन, शेठ!" त्यानं सीझनच्या तोंडावर एसी बस आणली. पांढरीशुभ्र! पहिला हप्ता कुठून भरला? लोकांच्या ॲडव्हान्समधून. मी घरी आलो, आपणही तशी बस घेऊ असा विषय काढला. सासूबाई भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ते पैसे आपले नाहीत हो." दोन दिवस मी रुसून ताटावरून अर्धपोटी उठलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि ऐन सीझनमध्ये वादळ आलं. आमची मोठी सहल बेटावरची, तिथला धक्काच लाटांनी फोडला. बोटी बंद, त्याही सबंध सीझन! दुपारपर्यंत माझ्या ऑफिसच्या जिन्यावर माणसंच माणसं. माझ्या तोंडात जुनी सवयीची वाक्यं आली होती, 'बघू', 'करू काहीतरी'... पण सासूबाईंनी लेकीला फोन करून चेकबुक मागवलं होतं. एकेकाला बोलावलं, एकेकाचे पैसे परत. बेटावरच्या हॉटेलवाल्यानं आमची रक्कम दाबून ठेवली, ती खोट मंदीच्या पैशांतून भरली. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, यजमानांना आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दाखवणार होत्या. चेक घेतला, पर्समध्ये ठेवला, उठल्या... आणि परत बसल्या. म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्या समुद्राला नेता का? तुम्ही न्याल तिथे येऊ." मी तिथल्या तिथे वही उघडून दोघांची नावं लिहिली. त्यांचं बघून निम्मी माणसं थांबली, त्यांना दुसऱ्या किनाऱ्यावर नेलं.

आणि समोर? शटर खाली. लोक बुक्क्या मारतायत, आत कुणी नाही, आणि ती पांढरी बस कर्जवाले ओढून नेतायत. मला हसू यायला हवं होतं ना? नाही आलं. कारण त्या शटरमागे मीच असतो, फक्त एका गुडघ्यानं वाचवलं!

पुढच्या मंदीत ड्रायव्हरचा पगार वेळेवर. मी बाथरूममध्ये फक्त आंघोळीला जातो. झोप लागते, म्हणजे घोरतो, असं बायको म्हणते.

परवा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, यंदा घरच्या सहलीचे पैसे बाजूला काढलेत. हे मात्र आपले." मी खूश! लग्नानंतर प्रथमच बायकोला घेऊन कुठे तरी जायचं... तिकिटं आली. तीन! शेजारी शेजारी. सासूबाईंना मोकळी हवा लागते म्हणून खिडकी त्यांची. बायकोला गुदमरतं, म्हणून पलीकडची वाटेकडची सीट तिची. आणि मी... मधे. काय करणार? पैसे भरून झालेत.