पाव्हण्याला हात लावून दावा

मी कमठाण्याची सून. म्हायेर कोहिनूर गावचं, तिथं अव्वा कानडी बोलायची, अप्पा मऱ्हाटी, मला दोन्ही आपसूक आल्या. लगीन झालं तवा निजामाचं राज व्हतं, साल-बील इचारू नका, मला ठावं न्हाई. घरात सासू, मालक आन मी. लेकरं उशिरा झाली, त्याच्या आधीची ही गोष्ट.

त्या हिवाळ्यात गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं, म्हशीला चावलं, म्हस गेली. मंग पाटलानं हुकूम काढला, गावात एकबी कुत्रं ठिवायचं न्हाई. चार दिस नुसत्या काठ्या. आमच्या कडब्याच्या गंजीपाशी एक तांबडी कुत्री मारली, ती वढून न्हेल्यावर म्या कडबा काढायला गेले तर आत तिचं पिल्लू, तीन-चार महिन्यांचं, थरथर कापायलतं. म्या हात घातला, वाटलं आता चावतंय, तर ते माझी बोटं चाटायलतं. काय सांगू तुमाला, आईला आताच मारलंय आन हे मान्साचा हात चाटायलंय. म्या पदरात गुंडाळून घरी आणलं.

मल्लप्पा धनगराची मेंढरं तवा आमच्या रानात बसली व्हती. त्यानं पिल्लाचं तोंड उघडून बघितलं, पंजे दाबले, म्हणला अक्का, हे माझं, माझं कुत्रं म्हातारं झालंय. पर आता संगं न्हेलं तर पुढल्या गावात मारत्याल, शिमगा झाला की ह्याच वाटंनं येतो, तवर सांभाळ. बरतीनि अक्का, येतोच, म्हणून कानडीत एकदा आन मऱ्हाटीत एकदा सांगून गेला. म्या म्हणलं, मंग तवर हा आमचा पाव्हणा. नाव ठिवलं न्हाई. ज्याचं त्यानं ठिवावं.

आन लई मायाळू वो ते. कुणीबी येऊ द्या, पायावर हनुवटी ठिवून बसायचं, चाटत ऱ्हायचं. पर लोकांना भ्या लाळंचंच. आडावर बाया माझ्या घागरीला घागर लागू दिईनात. सासू म्हणायची, दुसऱ्याच्या कुत्र्यापायी गावाशी वाकडं कामून घ्यायलीस? म्या म्हणलं, गावच वाकड्यात शिरायलंय, म्या न्हाई.

मंग एक दिस पाटील दोन काठीवाले घिऊन दारात. म्हणले, भायेर काढ. म्या म्हणलं, न्हाई काढत. हुकूम हाय म्हणले. म्या म्हणलं, हुकूम गावच्या कुत्र्यांवर, हे मल्लप्पाचं हाय, आमच्यात पाव्हणं आलंय, पाव्हण्याला हात लावून दावा. तवर ते माझ्या लुगड्याआडून निघालं आन काठीवाल्याच्याच पायावर हनुवटी ठिवून बसलं. तो खाली बघायलाय, पाटलाकडं बघायलाय. म्हणला, पाटील, मारू कसं, हे पाय सोडंना.

म्या म्हणलं, चाळीस दिस माझ्या बाजंला बांधते, मीबी उंबऱ्याभायेर पाय ठिवत न्हाई. पिसाळलं तर आधी मलाच चावंल. पाटील आमच्या मालकाला म्हणले, बायकू तुझ्या हातात न्हाई व्हय रं? मालक जलमात कुणाम्होरं बोलले न्हाईत, त्या दिशी बोलले. न्हाई, म्हणले. आन पाणी मी आणीन.

चाळीस दिस बसले मी घरात. पाटलानं लावून दिल्यापरमाणं रोज तो काठीवाला तपासायला यायचा. आधी दारातनं बघून जायचा, मंग टेकायला लागला, मंग पाय पुढं करून बसायला लागला.

चाळीस दिस झाले. पाव्हणा धडधाकट, मीबी. शिमगा झाला, पर मल्लप्पा येईना. आठ दिस, पंधरा दिस. सासू म्हणली, आता कशाचा येतोय. खोटं कामून बोलू, मनातनं मला बरंच वाटायलतं. आन एक दिस दुपारी मेंढरांची धूळ दिसली.

पिल्लू माझ्या मागं दडलं. म्याच त्याच्या गळ्यात मल्लप्पानं आणलेली लोकरीची दोरी बांधली. सासू, जी रोज कुरकुरायची, ती भाकर कुस्करून घिऊन आली आन तोंड फिरवून हुबी ऱ्हायली. मल्लप्पा म्हणला, मागल्या वाटंनं जातो अक्का, उगी गावात वाद नको. म्या म्हणलं, न्हाई. दोरी माझ्याकडं दे. आडावरून न्हेलं म्या त्याला, बायांच्या मधून, मंग पाटलाच्या दारावरून. पाटील वसरीत बसले व्हते. येशीपाशी दोरी मल्लप्पाच्या हातात दिली आन वापस फिरले. रडले ते घरी येऊन.

आता समदी गेली, मालक, सासू, मल्लप्पा. माझ्या दारात आता तीन कुत्री हायेत, सून बोलती, बोलू द्या, माझ्या ताटातलं देते मी. तुमी एवढं लिवून घेतलाव, देव तुमचं भलं करो. पर पाटलाचं मऊ करून लिवू नका. झालं तसंच लिवा.